नवी सुई बसवली तरी आवाज पुन्हा फाटतोय? दुसरी आणण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेकांची एकसारखीच असते. रेकॉर्डवरचा आवाज हळूहळू चरचरीत होत जातो, 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागतात, बाजू संपत आली की वरचे सूर फाटतात. सुई जुनी झाली म्हणून नवी आणली, बसवली, चार रेकॉर्डी छान वाजल्या आणि मग परत तेच. कोणी म्हणतं सुई डुप्लिकेट निघाली, कोणी म्हणतं कार्ट्रिजच गेलं, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग. मग दुसरी सुई येते आणि थोड्या दिवसांनी तीही 'खराब' निघते.

लागोपाठ दोन सुया सदोष निघणं अशक्य नाही, पण त्याआधी बघण्यासारखं बरंच काही असतं. सुई पूर्ण आत बसलेली नसते. बसवल्यावर सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते पुन्हा मोजलेलं नसतं. टोकावर मळ साचलेला असतो. आणि सगळ्यात जास्त फसवणारं कारण म्हणजे ज्या रेकॉर्डवर आपण नव्या सुईची परीक्षा घेतो, ती रेकॉर्डच आधीच्या झिजलेल्या सुईने खरवडलेली असते. तिथे कितीही चांगला हिरा ठेवला तरी तो खरवडलेलं तेच वाचणार. म्हणून सुई बसवण्याइतकंच तिची परीक्षा नीट घेणं महत्त्वाचं आहे.

आपण नेमकं काय बदलतो

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये 'सुई' म्हणून जे बदलतो तो एक छोटा जोड असतो. प्लास्टिकची पकड, तिच्यातून पुढे आलेली बारीक दांडी म्हणजे कॅन्टिलिव्हर, दांडीच्या पुढच्या टोकाला हिरा, मागच्या टोकाला चुंबक, आणि दांडीला आधार देणारं रबर. कॉइल मात्र हेडशेलला, म्हणजे आर्मच्या पुढच्या टोकाला, स्क्रूने लावलेल्या बॉडीत असतात आणि तिथेच राहतात. त्यामुळे सुई बदलली की चुंबक, रबर आणि हिरा बदलतो. कॉइल, पिना आणि वायरी त्याच राहतात.

निदानाची अर्धी वाट इथेच सापडते. जो दोष सुई बदलण्याआधी होता आणि नंतरही जसाच्या तसा आहे, तो बॉडीत, वायरीत, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा रेकॉर्डवर शोधायचा. जो दोष सुई बदलल्यावरच सुरू झाला, तो सुईत, तिच्या बसण्यात किंवा वजनात असतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा प्रश्न वेगळा आहे. त्यात कॉइलच दांडीवर असतात, बहुतेक मॉडेलची सुई घरी बदलता येत नाही आणि ते काम कंपनीकडे किंवा टोक बदलून देणाऱ्या कारागिराकडेच जातं.

सुई घेताना कार्ट्रिजचं मॉडेल बघून घ्यायची, टर्नटेबलचं नव्हे. टर्नटेबल जुनं असेल तर त्यावरचं कार्ट्रिज मधे कधीतरी बदललेलं असू शकतं. काही मालिकांमध्ये एकाच बॉडीवर वेगवेगळ्या सुया चालतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कोनिकलपासून (साधं गोल टोक) शिबातापर्यंत (बारीक धारेचं टोक) सगळ्या सुया एकमेकींच्या जागी बसतात. ऑर्टोफॉनच्या २एम रेडवर २एम ब्लूची सुई बसते. पण सुई आत गेली म्हणजे ती त्या बॉडीची झाली असं नाही. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा व्यवसाय बंद केला. तेव्हापासून त्यांच्या बॉडीवर चालणाऱ्या नव्या सुया दुसऱ्याच कंपन्या बनवतात आणि त्यांची प्रत एकसारखी नसते. अशा सुईसाठी मूळ कार्ट्रिजच्या पुस्तिकेतलं वजन न लावता सुईसोबत आलेल्या कागदावरचं लावा. जुन्या साठ्यातली, पाकीट न फोडलेली मूळ सुई मिळाली तरी हुरळून जाऊ नका. हिरा तसाच राहतो, रबर मात्र वर्षानुवर्षं पडून कडक होतं किंवा ढिलं पडतं.

जुनी सुई काढण्याआधी एक काम

हे काम फार थोडे लोक करतात, आणि ते केलेलं नसलं की पुढे निव्वळ आठवणीवर वाद होतो. जुन्या सुईवर दोन रेकॉर्डींचे तुकडे संगणकावर उतरवून ठेवा. एक तुमची नेहमीची, भरपूर वाजलेली रेकॉर्ड. दुसरी अशी, जी या झिजलेल्या सुईवर आजवर एकदाही लागलेली नाही. नवी कोरी असेल तर उत्तम. मात्र तिच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गाणारा आवाज हवा; सुईची खरी परीक्षा तिथेच होते. या दुसऱ्या रेकॉर्डचं जुन्या सुईवर फक्त पहिल्या गाण्याचं अर्धं मिनिट घ्या आणि थांबा. बाकीची बाजू नव्या सुईसाठी अस्पर्श ठेवायची. तीच तुमची कसोटीची रेकॉर्ड.

लेव्हल एकदा ठरवली की ती खूण करून ठेवा आणि नंतरच्या रेकॉर्डिंगलाही तीच वापरा. आवाजात किंचित फरक असला तरी कानाला मोठा आवाज 'चांगला' वाटतो. दोन सुयांची तुलना करताना बहुतेक जण इथेच फसतात.

बसवताना

अ‍ॅम्प्लिफायर बंद, प्लॅटर थांबलेलं, आर्म क्लिपमध्ये. हेडशेल सुटत असेल तर काढून टेबलावर चांगल्या उजेडात काम करा. सुईवर संरक्षक टोपी असेल तर ती तशीच राहू द्या. जुनी सुई प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंनी धरून ओढायची. काही मॉडेलमध्ये ती सरळ पुढे येते, काहींमध्ये आधी पुढची बाजू खाली झुकवून मग बाहेर काढावी लागते. पुस्तिकेतलं चित्र बघा. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकते आहे.

सुई निघाली की बॉडीच्या तोंडात डोकावून बघा. तिथे बऱ्याचदा धुळीचा पुंजका किंवा एखादा तंतू असतो. तो कोरड्या मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा आत जातो. मग नवी सुई सरळ रेषेत आत ढकला. बहुतेक मॉडेलमध्ये शेवटी हलकीशी 'टक्' जाणवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण. मागून उजेड येईल असं कार्ट्रिज धरा आणि पकड जिथे बॉडीला टेकते ती रेघ डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी बघा. उजेडाची बारीकशी फटही दिसता कामा नये. एका बाजूला केसभर फट राहिली तर पकड तिरकी बसली आहे, दांडी तिरकी आहे, चुंबक कॉइलच्या मधोमध नाही. याचा परिणाम थेट ऐकू येतो: एक चॅनेल हलकं, दुसरं जड, आणि ज्या बाजूला हिरा तिरका टेकतो तिथे चरचर. सुई बाहेर काढून पुन्हा नीट बसवली की हा दोष तिथल्या तिथे जातो, आणि केवळ यामुळे परत पाठवलेल्या सुया कमी नसतील.

टोपी काढून समोरून बघा. दांडी पकडीच्या मधून सरळ पुढे यायला हवी. एकीकडे वळलेली असेल तर ती सुई तिथेच बाजूला ठेवा. बोटाने सरळ करायचा मोह टाळा, कारण मागचं रबर त्यातच कायमचं बिघडतं.

वजन पुन्हा लावाच

'कार्ट्रिज तेच आहे, वजन कशाला बदलेल?' हा प्रश्न रास्त वाटतो, पण दोन कारणांनी वजन पुन्हा लावावंच लागतं. नव्या सुईची पकड जुन्यापेक्षा थोडी हलकी किंवा जड असू शकते, आणि ग्रॅमच्या दहाव्या भागाचा फरकही इथे मोजला जातो. दुसरं म्हणजे सुई ढकलताना किंवा हेडशेल काढता-घालताना आर्मच्या मागच्या काउंटरवेटला धक्का लागू शकतो.

अँटीस्केटिंग (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारा ताण, पुढे सांगतो) शून्यावर ठेवा, सुई सांभाळत आर्म हवेत आडवा तरंगेल असं काउंटरवेट फिरवा, फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि मग काउंटरवेट व चकती एकत्र फिरवून हवं ते वजन लावा. टी४पी म्हणजे थेट आत खुपसायच्या कार्ट्रिजला हे बहुधा करावं लागत नाही. त्या पद्धतीत वजन १.२५ ग्रॅमला ठरलेलं असतं. बाकी सगळ्यांनी चकतीवर विसंबू नये. छोटा डिजिटल काटा घ्या. काट्याची तबकडी शक्यतो रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या उंचीवर हवी. काही आर्ममध्ये उंची बदलली की वजन बदलतं. काट्याचा वरचा भाग लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो.

किती वजन? व्हीएम९५ई साठी कंपनी १.८ ते २.२ ग्रॅम देते आणि २.० सुचवते. २एम रेडला १.६ ते २.० चालतं आणि १.८ सुचवलेलं आहे. मी नेहमी सुचवलेल्या आकड्यापासून सुरुवात करायला सांगतो, आणि त्यात बदल करायचाच तर वरच्या दिशेने. 'कमी वजन म्हणजे रेकॉर्डची कमी झीज' हा समज फार पक्का बसला आहे आणि तो रेकॉर्डींचं नुकसान करतो. वजन कमी पडलं की मोठ्या आवाजाच्या जागी हिरा खाचेच्या भिंतीवरून सुटतो आणि परत आदळतो. भिंत खरवडली जाते ती अशा आदळण्याने. मर्यादेच्या आत थोडं जास्त वजन त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

अँटीस्केटिंग

आर्मचा कोन आणि खाचेतलं घर्षण यांमुळे फिरणारी रेकॉर्ड आर्मला आतल्या बाजूला ओढते. अँटीस्केटिंग त्याला उलटा ताण देतं. स्टिरिओ खाचेची आतली भिंत डाव्या चॅनेलची, बाहेरची उजव्या चॅनेलची. ताण कमी पडला तर सुई आतल्या भिंतीला दाबली जाते, बाहेरची पकड सुटते आणि आधी उजवं चॅनेल फाटतं. जास्त झाला तर आधी डावं. हे एवढं लक्षात ठेवलं की चाचणीची वेगळी रेकॉर्ड नसली तरी काम भागतं. आकडा वजनाइतकाच लावून सुरुवात करा, मोठ्या आवाजाचा भाग हेडफोनवर ऐका, कोणत्या कानात आधी फाटतं ते बघा आणि थोडं थोडं बदला. खाच नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर आर्म स्थिर राहतो का हे बघायची पद्धत चालू आहे, पण तिथे खाचेतलं घर्षण नसतं, म्हणून तिच्यावर मी विसंबत नाही.

शेवटच्या गाण्यातच का फाटतं

या तक्रारीला थोडा वेळ देण्यासारखा आहे, कारण सुयांच्या आकारातला फरक इथे उघडा पडतो.

एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, बाजूच्या सुरुवातीलाही आणि शेवटीही. पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. सुमारे १४६ मिलिमीटर त्रिज्येवर सुईखालून सेकंदाला साधारण ५१० मिलिमीटर खाच जाते. ६० मिलिमीटरवर फक्त २१० च्या आसपास. म्हणजे १० किलोहर्ट्‌झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, तीच आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. कोनिकल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढ्या जाड टोकाला २१ मायक्रॉनच्या लाटेच्या खोबणीत पूर्ण उतरताच येत नाही. इलिप्टिकल सुईची लाटेच्या दिशेची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रोलाइन आणि शिबाता त्याहून बारीक. शिबाता आकार १९७० च्या दशकात जपानमध्ये जेव्हीसीच्या सीडी-४ या चार चॅनेलच्या रेकॉर्डींसाठी तयार झाला. त्या रेकॉर्डींवर कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या वरचा, ३० किलोहर्ट्‌झचा वाहक सिग्नल कोरलेला असायचा आणि तो साध्या सुईला नीट वाचता येत नव्हता.

त्यामुळे कोनिकल सुई नवी असली, अगदी नीट बसलेली असली, तरी शेवटच्या गाण्यात 'स' थोडा खडबडीत येणं हा तिचा स्वभाव आहे. तो बिघाड समजून तीच कोनिकल सुई पुन्हा पुन्हा विकत घेण्यात अर्थ नाही. बॉडीवर बारीक आकाराची सुई चालत असेल तर एकदाच तिकडे वळा.

पण बारीक सुई कार्ट्रिजच्या कोनाबद्दल फार काटेकोर असते. आर्म एका बिंदूभोवती फिरतो, त्यामुळे सुई खाचेला बरोब्बर स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी असते. कोन लावायच्या बेअरवाल्ड पद्धतीत आय.ई.सी. या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मापांप्रमाणे हे दोन बिंदू केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हनसन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४ वर. दुसरी पद्धत बाजूच्या अगदी शेवटाला जपते. छापील प्रोट्रॅक्टरवर (हे बिंदू आणि रेघा असलेल्या कोनमापकावर) सुई बिंदूवर टेकवून कार्ट्रिजची बॉडी रेघांना समांतर करतात, पण त्यापेक्षा दांडी समांतर आहे का ते बघा. दांडी बॉडीच्या अगदी सरळ रेषेत असेलच असं नाही, आणि हिरा बसलेला असतो दांडीवर, बॉडीवर नव्हे. कोनिकल सुईवर अनेक वर्षं खपून गेलेला अर्ध्या अंशाचा तिरकेपणा मायक्रोलाइनवर पहिल्याच रेकॉर्डला जाणवू शकतो. 'महागडी सुई घेतली आणि आवाज आणखी बिघडला' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

आता परीक्षा

नवी सुई पहिल्या दिवशी थोडी आखडलेली वाटू शकते. रबर मोकळं व्हायला काही तास लागतात. म्हणून पहिल्याच बाजूवर निकाल देऊ नका; पण उघड फाटणारा आवाज 'वाजून वाजून सुधारेल' म्हणून चालवतही राहू नका. रबर मोकळं झाल्याने आवाजाची धार थोडी बदलते. तिरकी बसलेली सुई सरळ होत नाही.

आधी कसोटीची रेकॉर्ड लावा आणि शेवटचं गाणं ऐका. ते स्वच्छ असेल आणि तुमच्या नेहमीच्या रेकॉर्डवर मात्र आवाज फाटत असेल, तर सुई बरोबर आहे. झिजलेल्या हिऱ्याच्या दोन्ही बाजूंना सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या कडा खाचेच्या भिंतीतले बारीक चढउतार तासत जातात. सगळ्यात आधी जातात ते मोठ्या आवाजातले वरचे स्वर आणि 'स', 'श', 'च'. हे नुकसान परत भरून येत नाही. खात्री करायची असेल तर तोच तुकडा लागोपाठ वाजवा. खराबी दर वेळी नेमक्या त्याच अक्षरावर येत असेल आणि टोक साफ असेल, तर ती रेकॉर्डची आहे. वेगळ्या आकाराची सुई भिंतीवर थोड्या वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे काही रेकॉर्डी तिच्यावर आश्चर्यकारक सुधारतात आणि काहींचे ओरखडे उलट जास्त स्पष्ट होतात. दोन्ही अनुभव खरे असतात.

कसोटीच्या रेकॉर्डवरही फाटत असेल तर आधी वजन, मग बसणं, मग कोन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच तुकडा पुन्हा उतरवून घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही आणि दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चॅनेलचा तोल बघायला मोनो रेकॉर्ड उत्तम. दोन्ही चॅनेल जवळजवळ सारखी यायला हवीत. साध्या कार्ट्रिजला कंपन्या दीड-दोन डेसिबलपर्यंत फरक मान्य करतात. त्याहून जास्त असेल तर फट बघा, मग समोरून आरसा वापरून सरळपणा बघा: पातळ आरशावर सुई टेकवली की कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक सरळ उभी आकृती दिसली पाहिजे, मधे वाकलेली नाही. आरशाची जाडी रेकॉर्डएवढी असेल तर बरं.

चार दिवसांनी दोष का परततो

सुरुवातीला छान आणि मग बिघाड, याचं सगळ्यात साधं कारण मळ आहे. बारीक टोक खाचेत जास्त खोल जातं आणि जुन्या सुईने कडेला ढकलून ठेवलेली घाण उकरून काढतं. दोन-तीन बाजूंनंतर हिऱ्याभोवती करडा गोळा जमतो, हिरा त्याच्यावर तरंगायला लागतो आणि आवाज बोथट होऊन फाटतो. उजेडात भिंगाने बघा. बारीक केसांच्या ब्रशने मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने हलकेच झाडा. आडवा किंवा पुढून मागे ब्रश कधीच नको, दांडी वाकते. प्रत्येक बाजूआधी ही सवय ठेवा आणि रेकॉर्ड धुऊनच लावा. पाणी किंवा द्रव टाकून भिजलेली रेकॉर्ड वाजवायची सवय असेल तर ती सोडा. वाळल्यावर खाचेत जो थर उरतो तो पुढच्या वेळी टोकावर येतो.

दुसरं, पकड सैल असेल तर पुढच्या दिशेने ब्रश मारताना ती किंचित बाहेर सरकू शकते. पुन्हा फट तपासा. तिसरं, हेडशेलचे स्क्रू. सुई ढकलून बसवताना कार्ट्रिज हलतं आणि आधीच सैल असलेला स्क्रू आणखी सैल होतो. कोन रोज थोडा थोडा बदलत असेल तर आवाजही रोज वेगळा येणार.

इतर लक्षणं, थोडक्यात

एक चॅनेल पूर्ण बंद असेल तर अ‍ॅम्प्लिफायरमागचे डावे-उजवे प्लग अदलाबदल करा. गप्प बाजू बदलली तर दोष टर्नटेबलकडे आहे, नाही बदलली तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरकडे. टर्नटेबलकडे असेल तर कार्ट्रिजच्या चार पिना बघा: पांढरी डावी, निळी डावीची परतीची, लाल उजवी, हिरवी उजवीची परतीची. हेडशेलशी झटापट करताना यातली एखादी क्लिप निसटते. अचानक 'हम्' सुरू झाली तरी आधी इथेच बघा, मग अर्थची वायर.

सुई उड्या मारत असेल तर वजन बघा, मग आर्म उचलायची दांडी खालीच आहे ना आणि आर्मला खाली टेकू देते आहे ना ते बघा. कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासत असेल तर वजन फार जास्त आहे किंवा रबर दबलं आहे.

वूफरचे पडदे गाण्याशी संबंध नसताना मोठमोठे हेलकावे घेत असतील तर नव्या सुईचा लवचिकपणा आणि आर्मचं वजन जुळत नसावं. गणित सोपं आहे: आर्मचं प्रभावी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज गुणिले कंप्लायन्स (सुईच्या लवचिकपणाचा, पुस्तिकेतला आकडा), त्याचं वर्गमूळ काढून १५९ ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये हवं. एकूण १९ ग्रॅम आणि कंप्लायन्स १० असेल तर साधारण ११.५ येतं, झकास. कंप्लायन्स २५ झाला तर ७.३, म्हणजे वाकड्या रेकॉर्डींवर आर्म डोलणार. जपानी कंपन्या कंप्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्‌झला मोजलेला देतात. या सूत्रात तो १० हर्ट्‌झचा लागतो आणि तो साधारण दीड ते दोन पट असतो.

७८ ची तबकडी एल.पी.च्या सुईवर खरखरत असेल तर सुईला दोष देऊ नका. तिची खाच कितीतरी रुंद असते, तिला ३ मिल (इंचाचे तीन हजारांश), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास त्रिज्येची वेगळी सुई लागते.

सुई खरंच सदोष असेल तर

वजन काट्यावर मोजलेलं, फट नाही, टोक साफ, कोन तपासलेला, कसोटीच्या रेकॉर्डवरही तक्रार, आणि जुनी सुई त्याच बॉडीवर परत लावल्यावर तो विशिष्ट दोष जातो. एवढं झालं की नवी सुई परत करायला तुमच्याकडे पुरावा आहे. दोन्ही रेकॉर्डिंग आणि दांडीचा समोरून काढलेला स्पष्ट फोटो जोडा. मात्र ही उलटतपासणी करताना जुनी सुई खराब झालेल्या रेकॉर्डवरच लावा, कसोटीच्या नव्हे.

सुई चांगली निघाली तर त्याच दिवसापासून तास लिहायला सुरुवात करा. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी इलिप्टिकलला साधारण ३००, कोनिकलला ५०० आणि मायक्रोलाइनला १,००० तासांचा अंदाज देते. रोज एक तास ऐकणाऱ्याची इलिप्टिकल सुई वर्षाच्या आतच त्या आकड्याला पोचते, आणि 'अजून तर परवाच बदलली' असं वाटत असताना रेकॉर्डींची नासाडी सुरू झालेली असते. पहिले काही तास झाल्यावर कसोटीच्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं पुन्हा एकदा उतरवून घ्या. तो तुमचा मूळ नमुना. त्यानंतर दर शंभर तासांनी तोच तुकडा, त्याच लेव्हलला, वजन मोजून आणि टोक साफ करून उतरवा आणि मूळ नमुन्याशी ताडून बघा. 'स' पसरायला लागला की तास कितीही झालेले असोत, सुई उतरवा.